ताळा पहिल्या ओळीत घ्यायचा

सर, तुम्ही गेलात हे मला माझ्याकडे ड्रम धुणाऱ्या माणसाने सांगितलं. कामावर येताना त्याने नाक्यावरचा फळा वाचला होता. "खेडेकर सर वारले, शेठ," तो म्हणाला. मी म्हटलं, "कोण खेडेकर सर?" पंधरा वर्षं ज्याच्याशी मनातल्या मनात भांडलो त्या माणसाचं नाव मी विसरलो असं दाखवलं. मग उरलेला दिवस वखारीत सगळ्यांवर ओरडत होतो. कुणी का म्हणून विचारलं नाही. मी तसाही ओरडतोच.

शाळेतल्या शोकसभेला आलो होतो. मागे, दाराशी उभा होतो. एक जण म्हणाला, सर म्हणजे ऋषितुल्य माणूस. दुसरा म्हणाला, सर कधी खोटं बोलले नाहीत. तेव्हा माझा पाय उचलला गेला होता. पुढे जाऊन सांगणार होतो की बोलले, एकदा बोलले, माझ्यासमोर बोलले. पण थांबलो. समोरचा उत्तर देणार नसेल तर घासाघीस करण्यात मला कधी रस वाटला नाही. म्हणून इथे लिहितोय. तुम्हाला लिहून दिलेलं वाचायची सवय होती. एकदाच वाचलं नाहीत, आणि त्याचंच हे सगळं झालं.

तुमची वही तपासायची पद्धत मला अजून पाठ आहे. चुकलेल्या गणितावर तुम्ही फुली मारत नव्हतात. एकेक ओळ वाचत खाली यायचात, आणि जिथे पहिल्यांदा चुकलं त्या ओळीभोवती पेन्सिलीने चौकट घालायचात. बस. त्याच्या पुढचं वाचायचंही नाही. "पुढच्या ओळी गरीब असतात रे," म्हणायचात. "मागची ओळ सांगेल तशा चालतात. त्यांना कशाला मारायचं?" बरोबर काय ते लिहून द्यायचा नाहीत. चौकट दाखवायचात आणि वही अंगावर टाकायचात.

आणि शनिवार. सकाळची शाळा, शेवटचा तास. तुम्ही फळ्यावर एक समीकरण सोडवायचात आणि त्यात एक चूक मुद्दाम घालायचात. ती शोधायची. एकदा २क्ष + ६ = १० घेतलंत, दोनने भागलंत, आणि लिहिलंत क्ष + ६ = ५. मी उठलो आणि म्हणालो, "सर, सहाने काय पाप केलंय? त्याला का नाय भागलं?" तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "आला, सहाचा वकील आला!" म्हणालात. पुढे महिनाभर वर्ग मला वकील म्हणत होता. माझ्या बापाला एक गुंठा जमीन नव्हती, कापडे गावाहून मी अनवाणी चालत यायचो, आणि मला वकील म्हणत होते. त्या वर्षी मला शनिवारची वाट बघायची सवय लागली, हे कबूल करायला आज जड जातं, पण करतो.

शनिवारची चूक पकडली तर बक्षीस एवढंच, की फळा पुसायचा मान. पण तुमच्या खिशात एक मरून रंगाचं शाईपेन होतं, सोनेरी क्लिपचं. ते दाखवून तुम्ही म्हणायचात, "मुद्दाम घातलेली चूक पकडणं सोपं आहे. तिथे चूक आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. माझी खरी चूक जो पकडेल, हे पेन त्याचं." वर्ग हसायचा, कारण तुमची चूक होणार नव्हती. मी हसत नव्हतो. मी वाट बघत होतो.

चूक पकडायचं हत्यारही तुम्हीच दिलंत. ताळा. उत्तर आलं की ते परत समीकरणात घालून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या येतात का. "पण ताळा घ्यायचा तो पहिल्या ओळीत," हे तुम्ही टेबलावर डस्टर आपटून सांगायचात. "पुस्तकात दिलंय त्या समीकरणात. मधल्या ओळीत घ्याल तर चूक झाल्यानंतरचं गणित जुळेल. चोराची साक्ष चोर देईल."

मग तो बुधवार. आठवीचा वर्ग, दुपारचा तास. फळ्यावर समीकरण होतं ५ − ३(क्ष − २) = क्ष − १. तुम्ही कंस सोडवलात आणि दुसरी ओळ लिहिलीत: ५ − ३क्ष − ६ = क्ष − १. कंसाबाहेरचा वजा आतल्या वजाला भेटला की अधिक होतो, हे तुम्ही आम्हाला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी तुमचं लक्ष दुसरीकडे होतं. उत्तर आलं शून्य. घंटा झाली. ताळा राहिला.

मी घरी येऊन ताळा घेतला. पहिल्या ओळीत. क्षच्या जागी शून्य घातलं. डावीकडे आले अकरा, उजवीकडे वजा एक. मी तीनदा केलं. मग तुमच्या दुसऱ्या ओळीत घालून बघितलं तर दोन्हीकडे वजा एक, अगदी गुण्यागोविंदाने. चोराची साक्ष चोर देत होता. मी वहीत तुमच्या दुसऱ्या ओळीभोवती चौकट घातली, खाली बरोबर सोडवलं, उत्तर तीन. तुमच्या ओळीला माझी चौकट. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

गुरुवारी तुम्हाला सांगायचं राहिलं.

शनिवारी शाळेत तपासणी होती. साहेब आले, शेवटच्या बाकावर बसले. आणि तुम्ही काय केलंत, तर सगळे मास्तर करतात तेच. साहेबांसमोर नवीन काही काढायचं नाही, आधी झालेलंच पुन्हा घ्यायचं, म्हणजे पोरं एका सुरात उत्तरं देतात. तुम्ही बुधवारचंच समीकरण फळ्यावर लिहिलंत. तीच दुसरी ओळ, तोच वजा सहा. "मग क्षची किंमत किती?" तुम्ही विचारलंत, आणि चाळीस पोरं ओरडली, "शून्य!"

साहेब खूश झाले. म्हणाले, "छान. आता ताळा कोण घेईल?"

मी हात वर केला. तुम्ही मला बोलावताना हसलात, ते हसू मला अजून दिसतं. वकिलावर तुमचा भरवसा होता. मी फळ्यापाशी आलो, वरच्या ओळीत शून्य घातलं, डावीकडे अकरा लिहिले, उजवीकडे वजा एक लिहिला, खडू ठेवला आणि वर्गाकडे तोंड करून म्हणालो, "सर, चूक दुसऱ्या ओळीत हाय. आणि ही शनिवारची नाय, खरी हाय. पेन द्या."

तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तुम्ही फळ्याकडे बघितलंत, ओळ तुमच्या लक्षात आली. आलीच. मग साहेबांकडे वळून तुम्ही म्हणालात, "साहेब, आमच्या वर्गात ही पद्धत आहे. शनिवारी मी एक चूक मुद्दाम घालतो, मुलांनी ती शोधायची. किसनने शोधली."

"वा, वा," साहेब म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं.

"खोटं!" मी ओरडलो. "बुधवारी पण हेच होतं. मुद्दाम होतं तर ह्या सगळ्यांनी शून्य कशाला म्हटलं? इचारा की!"

तुम्ही म्हणालात, "किसन, बाहेर जा." आवाज चढवला नाहीत. चढवला असतात तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी तुम्ही दारात उभे होतात. "माफी माग आणि आत ये."

"आधी तुम्ही मान्य करा."

"काय मान्य करू?"

"काय ते तुम्हाला माहीत हाय."

तुम्ही म्हणालात, "मग बस बाहेर."

आणि मी बसलो. वर्षभर गणिताच्या तासाला पडवीत, खिडकीखाली. तुमचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. तुम्ही मुद्दाम मोठ्याने बोलायचात का, हे मी नंतर पुष्कळदा मनात विचारलं. तेव्हा वाटायचं, मला हिणवायला बोलतात. वर्ष संपलं आणि मी शाळा सोडली. बाप म्हणाला, "मास्तरापुढं मान खाली घातली आस्तीस, तर काय झिजली आस्ती काय रं तुजी?" लोकांना मी सांगतो, परिस्थितीमुळे शिकलो नाही. ते ऐकायला बरं दिसतं. खरं म्हणजे मी तुमच्या एका वाक्यामुळे शिकलो नाही.

त्यानंतरचं सगळं माझं मी केलं. महाडला आलो, औद्योगिक वसाहतीत हमाली केली, मग कंपन्यांचे रिकामे ड्रम उचलायला लागलो, मग वखार टाकली. कंपनीच्या माणसाशी भाव करताना मी तुमचीच पद्धत वापरतो, हे तुम्हाला कधी कळलं नाही. तो दहा कारणं सांगतो. मी पहिलं खोटं कारण सापडेपर्यंत ऐकतो आणि तिथेच बोट ठेवतो. पुढचं ऐकतच नाही.

एकदा तुम्ही वखारीत आलात. पाण्यासाठी निळा ड्रम हवा होता. केस पिकायला लागले होते, खिशात तेच पेन. मला ओळखलंत, पण ओळख काढली नाहीत. मीही नाही काढली. तुम्ही भाव विचारलात, मी सांगितला. तुम्ही म्हणालात, "थोडं कमी?" मी म्हणालो, "उत्तर एकच असतं, सर." तुमचा हात खिशातल्या पेनापाशी गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता बोलतील. माणसं ड्रम लोटत होती, मी त्यांना हाताने थांबवलं, आवाज बंद केला. तुम्ही म्हणालात, "झाकण घट्ट बसतं का?"

मी म्हणालो, "तुमच्या तोंडाएवढं घट्ट बसतं."

तुम्ही मान हलवलीत. पैसे दिलेत, ड्रम रिक्षात घातलात आणि गेलात. आपलं शेवटचं बोलणं ते. आता एक सांगतो, जे तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही दाखवलेला ड्रम मी तुम्हाला दिला नव्हता. त्यात आधी कसलं रसायन भरलेलं होतं ते मला माहीत होतं. मी आतून दुसरा आणला, साखरेच्या पाकाचा, माझ्या घरासाठी बाजूला काढलेला. तुम्हाला वाटलं असेल, हा माणूस भावावर अडून बसला. असू दे.

शोकसभा संपल्यावर मी निघालो होतो. तेवढ्यात एक बाई मागून आली. नाजनीन तिचं नाव, नाते गावात शाळेवर गणित शिकवते. माझ्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती तुमच्या वर्गात होती.

"तुम्हीच का कापड्याचे किसनभाऊ?" तिने विचारलं.

"ड्रमवाला. होय. का?"

"आम्ही तुमचं गणित केलंय."

"माझं कसलं गणित?"

"पाच वजा तीन कंसात क्ष वजा दोन." तिने एका दमात म्हटलं. "सर दर वर्षी आठवीला घ्यायचे. आधी चुकीचं सोडवायचे, उत्तर शून्य. मग सांगायचे, ही चूक मी खरी केली होती, एका मुलाने पकडली, आणि मी साहेबांसमोर खोटं बोललो."

तिला वाटलं, मला बरं वाटेल. सर, मला राग आला. इतका राग मला त्या शनिवारी आला नव्हता. दर वर्षी! आठवीच्या प्रत्येक पोराला सांगितलंत. त्यांना ते काय करायचं होतं? वखार तुमच्या रस्त्यावर होती. दोन पावलं आत येऊन, पेनाला हात लावून उभे राहिलात, आणि झाकणाचं विचारलंत.

तिने पिशवीतून वही काढली. माझी. तपकिरी कव्हर, आत माझं वाकडं अक्षर. त्या सोमवारनंतर मी मागितली नव्हती आणि तुम्ही दिली नव्हतीत. गेल्या वर्षी तुम्ही ती तिला सोपवलीत, म्हणालात, आता तू आठवीला शिकवतेस, तू ठेव. तिने बुधवारचं पान उघडलं. तुमची दुसरी ओळ, तिच्याभोवती माझी चौकट, खाली माझं उत्तर, तीन. आणि त्याच्या खाली तुमची सही.

"हे सर शेवटी दाखवायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, तपासणीआधी शुक्रवारी मी सगळ्या वह्यांवर सह्या ठोकल्या, न वाचता. वाचलं असतं तर शनिवारी चूक झालीच नसती आणि खोटंही बोलावं लागलं नसतं. त्याने मला लिहून सांगितलं होतं. मी वाचलं नाही. माझी पहिली चूक ही."

मग तिने विचारलं, "हो की नाही, भाऊ? असंच झालं ना?"

मी म्हणालो, "नाही."

सर, वर मी लिहिलंय की गुरुवारी तुम्हाला सांगायचं राहिलं. राहिलं नव्हतं. गुरुवारी मी वही हातात घेऊन, पान उघडून तुमच्याकडेच येत होतो. पायरीवर बाबूशिपाई बसला होता. मला म्हणाला, "आज सरांच्या वाऱ्याला उभा राहू नको रं. लय कावलेत. शनवारी सायेब येतोय. त्याच्या शेऱ्यावर सरांचं कायम व्हायचं हाय, नायतर घरी बसतील."

मी वही मिटली. माझं वय तेव्हा तेरा होतं, पण डोकं आजच्यासारखंच होतं. चूक तुमची होती, माल माझ्या हातात होता, आणि शनिवारी त्याला दुप्पट भाव येणार होता. गुरुवारी सांगितलं असतं तर तुम्ही पेन दिलं असतंत, पाठ थोपटली असतीत, आणि वर्गातल्या चाळीस पोरांनी बघितलं असतं. मला साहेबाने बघायला हवं होतं. साहेबासमोर तुम्ही तेच समीकरण घ्याल हे मला ठाऊक होतं, मास्तर काय करतात ते सगळ्या पोरांना ठाऊक असतं. घेतलं नसतंत तर मी हात वर करून बुधवारचं काढणारच होतो. त्याच दुपारी तपासणीसाठी वह्या जमा झाल्या तेव्हा माझी भीती एकच होती, तुम्ही पान बघाल आणि माझा सौदा फुकट जाईल. म्हणून मी वही गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवली. तुम्ही न वाचता सही केलीत त्यात तेवढा माझाही हात आहे.

तुमची नोकरी जाईल हे मला समजत होतं का? शब्द समजले होते. बाकीचं मी समजून घेतलं नाही.

पंधरा वर्षं मी ह्या भांडणाचा ताळा शनिवारी घेतला. दर वेळी जुळायचा. सर खोटं बोलले, मला बाहेर काढलं, माझी शाळा गेली, दोन्ही बाजू सारख्या. जुळणारच. मी दुसऱ्या ओळीत किंमत घालत होतो.

आणि तुम्ही? तुम्हाला बाबूने कधीतरी सांगितलं असणार की पोराला मी गुरुवारी पायरीवर बोललो होतो. ती शाळा केवढीशी, आणि बाबूच्या पोटात काही राहायचं नाही. तरी दर वर्षी त्या पोरांसमोर तुम्ही फक्त स्वतःच्या ओळीला चौकट घातलीत. माझी ओळ कोरी सोडलीत. न विचारता मला सूट दिलीत. सर, मी धंदा करणारा माणूस आहे. मी कुणाकडून सूट घेत नाही, आणि मेलेल्या माणसाकडून तर नाहीच.

तेव्हा हा सौदा मला मान्य नाही. तुमची सही शुक्रवारची. माझं गप्प बसणं गुरुवारचं. वार तर मोजता येतात ना? साहेबासमोरचं तुमचं खोटं मी खोडत नाही, ते जसं आहे तसं राहील, आणि त्याचा राग मला पुढेही येईल. पण ते खालच्या ओळीतलं आहे. पहिली ओळ माझी आहे, ती मी तुम्हाला देणार नाही.

नाजनीनकडून पेन्सिल मागून घेतली. बुधवारच्या पानाच्या वर, समासात थोडी जागा होती. तिथे लिहिलं, 'गुरुवारी माहीत होतं, सांगितलं नाही.' आणि त्याच्याभोवती चौकट घातली. अक्षर अजून वाकडंच येतं. वही तिला परत दिली. म्हटलं, "पोरांना शिकवशील तेव्हा वरपासून वाचून दाखव."

ती वाचत उभी होती. तिला बोलायचं होतं, पण मी थांबलो नाही.

पेन मात्र माझं होतं, सर.